आईची वही

न्यूयॉर्कमध्ये मी अकाउंटंट आहे. धर्मादाय संस्थांची करविवरणं भरणं हे माझं रोजचं काम. २०२५च्या उन्हाळ्यात एक रॅपर आपल्या मॅनेजरला आणि आईला घेऊन आला. शहराच्याच ब्राँक्स भागात वाढलेला. नाव सांगणं माझ्या पेशात बसत नाही.

त्याला स्वतःच्या नावाचं फाउंडेशन काढायचं होतं. मॅनेजरने आराखडा छापूनच आणला होता. आईसाठी घेतलेल्या घराच्या तळमजल्यावर कार्यालय, त्याचं भाडं आईला. पहिली शिष्यवृत्ती गोळीबारात गेलेल्या मित्राच्या दोन मुलींना. उद्घाटनाला कॅमेरे.

मी पहिल्याच पानावर अडले. अशा खासगी, म्हणजे मुख्यतः एकाच देणगीदाराच्या पैशांवर चालणाऱ्या, फाउंडेशनला देणगीदाराच्या आईची जागा भाड्याने घेता येत नाही, भाडं बाजारभावापेक्षा कमी असलं तरी. फुकट दिली तर चालते. मॅनेजर वाट शोधू लागला, तेवढ्यात इतका वेळ गप्प बसलेली आई म्हणाली, "भाडं मी मागितलं कधी?" मुलाने आराखडा हातात घेतला आणि बहुधा पहिल्यांदाच नीट वाचला.

मुलींबद्दल सांगणं मला जड गेलं. फाउंडेशनच्या शिष्यवृत्तीसाठी निवडीची पद्धत कर खात्याकडून आधी मंजूर करून घ्यावी लागते, आणि ती अनेकांसाठी खुली असावी लागते. आधीच ठरवलेल्या दोन नावांना ती देता येत नाही. तो चिडला. "पैसे माझे, आणि कुणाला द्यायचे ते सरकार सांगणार?"

मी म्हटलं, "करात सूट घेतलीत की ते पैसे एकट्या तुमचे राहत नाहीत." हे मी नियमाचं पुस्तक म्हणून बोलत नाही, मला ते मनापासून पटतं. फाउंडेशनचं विवरण, फॉर्म ९९०-पीएफ, कुणालाही वाचता येतं. पगार किती, वाटप किती, सगळं त्यात असतं. दरवर्षी मालमत्तेच्या साधारण पाच टक्के वाटावेच लागतात. हैतीत जन्मलेला रॅपर वायक्लेफ जाँ याच्या 'येले हैती' या मदतसंस्थेचं उदाहरण मी दिलं. २०१०च्या भूकंपानंतर तिच्याकडे देणग्यांचा ओघ लागला, खर्चाबद्दल प्रश्न उठले आणि २०१२मध्ये ती बंद झाली. मदत थांबते तेव्हा फटका देणाऱ्याला नाही, वाट बघणाऱ्याला बसतो.

तो बराच वेळ बोलला नाही. मग त्याने ब्राँक्समधल्या सेजविक अॅव्हेन्यूची, हिप-हॉपच्या जन्माची गोष्ट काढली. ११ ऑगस्ट १९७३, इमारत क्रमांक १५२०. शाळा सुरू होण्याआधी नवे कपडे घ्यायला पैसे हवेत म्हणून सिंडी कॅम्पबेलने पार्टी ठेवली, प्रवेशाला थोडे सेंट घेतले, आणि तिच्या भावाने, डीजे कूल हर्कने, तबकड्या वाजवल्या. "आमचं संगीत शाळेच्या कपड्यांसाठी सुरू झालं," तो म्हणाला, "आणि मला दोन पोरींची फी भरता येत नाही?"

"येते की," मी म्हटलं. "फाउंडेशनमधून नाही, तुमच्या खिशातून." शिकवणीची फी थेट कॉलेजला भरली तर कितीही रकमेवर भेटकर, म्हणजे भेट देणाऱ्यावरचा कर, लागत नाही. फक्त चेक कॉलेजच्या नावाने हवा, मुलीच्या नाही. करात सूट मात्र एका डॉलरचीही मिळणार नाही. आणि राहणं, जेवण, पुस्तकं यात धरत नाहीत. त्यासाठी त्या वर्षी माणशी १९,००० डॉलरपर्यंत भेट भेटकराशिवाय देता येत होती.

मॅनेजर करसवलतीचा हिशेब मांडू लागला. आईने पर्समधून एक जुनी वही काढली. नवरा गेल्यावर कुणी भाडं भरलं, कुणी मुलाला जेवू घातलं, हे तिने तारखेसकट लिहून ठेवलं होतं. त्या मित्राच्या घराचं नाव चार वेळा होतं.

"राहण्याजेवणाचं मी बघते," ती म्हणाली.

त्याने माझ्याच टेबलावरून कॉलेजच्या फी विभागाला फोन लावला. आराखडा मॅनेजरने फाईलमध्ये परत ठेवला. निघताना आईने मला विचारलं, पुढच्या सत्राची फी साधारण कधी भरायची असते? मी महिना सांगितला. तिने तो वहीत लिहून घेतला.