बाळाचा मोतीबिंदू पिकू देऊ नका

बाळाच्या डोळ्याच्या बाहुलीत पांढरं दिसतंय म्हटलं की घरातलं एखादं वडीलधारं माणूस हमखास म्हणतं, "पिकू द्या, मग काढू." आजोबांच्या डोळ्याला हे चालून जायचं. बाळाची दृष्टी मात्र त्यात जाते. पहिल्या काही आठवड्यांत स्पष्ट चित्र पोचलं नाही, तर मेंदू त्या डोळ्याकडे लक्ष देणंच सोडतो. मग मोतीबिंदू कितीही छान काढला तरी डोळा आळशीच राहतो. दाट मोतीबिंदू एकाच डोळ्यात असेल तर साधारण ६ आठवड्यांच्या आत, दोन्हींत असेल तर ८ ते १० आठवड्यांच्या आत ऑपरेशन व्हायला हवं. पहिल्या ४ आठवड्यांत केलं तर पुढे काचबिंदूचा, म्हणजे डोळ्याचा दाब वाढून नजर जाण्याचा, धोका वाढतो, म्हणून डॉक्टर तेवढे थांबतात. दाखवायला मात्र थांबू नका. डोळ्यातला कॅन्सरही असाच पांढरा दिसतो. त्याच आठवड्यात नागपूरचं मेडिकल किंवा मेयो हे सरकारी रुग्णालय गाठा.

ऑपरेशन पूर्ण भूल देऊन होतं. त्याआधी ४ तास अंगावरचं दूध नाही, ६ तास वरचं दूध नाही. गडचिरोलीकडून रात्रभर प्रवास करून आलेलं लेकरू पहाटे भुकेनं रडतं, कुणीतरी प्रेमानं बिस्कीट भरवतं आणि तारीख पुढे जाते. आईइतकंच सोबतच्या आजीलाही हे नीट सांगा.

२ वर्षांखालच्या बाळाला बहुतेकदा कृत्रिम भिंग न बसवता +१८, +२० असा जाड चष्मा देतात. नंबर मुद्दाम दोन-तीनने जास्त ठेवतात, कारण बाळाचं जग हातभर अंतरावरच असतं. हा जड चष्मा नाकावरून घसरला की नंबरच बदलल्यासारखा होतो, म्हणून मागे इलॅस्टिकचा पट्टा हवाच.

खरी कसोटी पट्टीची. ऑपरेशन एकाच डोळ्याचं असेल तर पट्टी चांगल्या डोळ्यावर लावायची, म्हणजे ऑपरेशन झालेल्या डोळ्याला बघावंच लागतं. कितीतरी घरांत ती "दुखऱ्या" डोळ्यावर लागते आणि महिने वाया जातात. चष्म्याच्या काचेवर नको, थेट कातडीवर लावा. नाहीतर पोर कडेनं बघतं. ८ महिन्यांपर्यंत साधारणपणे वयाच्या दर महिन्याला रोज १ तास, म्हणजे ५ महिन्यांच्या बाळाला ५ तास. नेमके तास डॉक्टर ठरवतील. मे महिन्यात नागपुरात घामानं पट्टी सुटते. कपाळ आणि गाल कोरडे पुसा, उन्हं चढायच्या आत तास उरका.

ऑपरेशनचा खर्च योजनेतून निघाला तरी नंतरच्या फेऱ्यांत मजुरी बुडते, आणि लोक येणं सोडतात ते तिथेच. म्हणून एकाच फेरीत डोळ्याचा दाब, चष्म्याचा नंबर आणि पट्टीचे तास, तिन्ही तपासून मागा.