एस्पेरांतोची ‘शुभ सकाळ’ आणि टोपीवाली अक्षरे : माझा अनुभव

दिवसाच्या वेळा आणि अभिवादने हा एस्पेरांतो या मुद्दाम रचलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेच्या अभ्यासक्रमातील सर्वांत सोपा धडा, असे ऐकले होते आणि शब्दांपुरते ते खरेही आहे. मातेनो म्हणजे सकाळ, तागो दिवस, वेस्पेरो संध्याकाळ, नोक्तो रात्र. अभिवादनात ‘मी तुम्हाला चिंतितो’ एवढे अध्याहृत असल्यामुळे दोन्ही शब्दांना कर्माचा ‘न’ लागतो आणि ‘बोनान मातेनोन’ तयार होते. वेळ विचारण्यासाठी असलेल्या ‘कीओमा होरो एस्तास?’चा शब्दशः अर्थ ‘कितवा तास आहे?’ असा होतो, त्यामुळे मराठी माणसाला तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

माझे घोडे अडले ते ऑनलाइन चाचणीच्या रकान्यांत. निरोपाच्या ‘जीस रेवीदो’मधील पहिल्या अक्षरावर टोपी असते, तर ‘होदीआउ’ (आज) आणि ‘मोर्गाउ’ (उद्या) यांच्या शेवटच्या अक्षरावर आपल्या ‘ॅ’सारखा अर्धचंद्र असतो. माझ्या कीबोर्डवर यांपैकी काहीच नव्हते. अशा वेळी अक्षरापुढे ‘एक्स’ टंकण्याची रीत सर्वत्र रूढ आहे, कारण ‘एक्स’ एस्पेरांतोच्या २८ अक्षरांत नाहीच. स्वतः झामेनहोफ यांनी ‘फुंदामेंतो’ या भाषेच्या १९०५ च्या मूलभूत नियमग्रंथात, ही अक्षरे नसलेल्या छापखान्यांना टोपीऐवजी पुढे ‘एच’ जोडण्याची आणि अर्धचंद्राविना साधा ‘यू’ छापण्याची मुभा दिली होती. भाषेच्या जनकाने दिलेली सवलत या रकान्याला मात्र मंजूर नव्हती! ‘एक्स’ चालेना, ‘एच’ चालेना, दुसरीकडून उतरवून चिकटवण्याची सोय बंद, आणि प्रत्येक वेळी ‘उत्तर चुकले’ एवढाच शेरा. अक्षर चुकले की शब्द, हे सांगण्याची तसदी त्या यंत्रणेने एकदाही घेतली नाही. चौकशीच्या ईमेलला बऱ्याच प्रतीक्षेनंतर उत्तर आले, तेही ‘धडा पुन्हा वाचावा’ असे.

शेवटी फोनच्या कीबोर्डमध्ये एस्पेरांतो भाषा जोडता येते हे मला माझेच सापडले, आणि चाचणी त्याच बैठकीत पार पडली. त्या समाधानात थोडी सूडभावना होती, हे नाकारत नाही. नव्याने शिकणाऱ्याने पहिल्या धड्याआधीच हा कीबोर्ड जोडून घ्यावा. आणखी एक आठवले : ‘उद्या सकाळी’साठी ‘मोर्गाउ मातेने’ असे ‘ए’कारान्त रूप लिहावे. आणि प्रहर नेमका कोणता, असा संभ्रम पडला तर सरळ ‘सालूतोन’ म्हणावे, ते आपल्या ‘नमस्कार’सारखे कोणत्याही वेळी चालते.