केबल ओढली म्हणजे फौंड्री जोडली असं नसतंय

सध्या कोल्हापूरकडच्या एमआयडीसीत, शिरोली काय, गोकुळ शिरगाव काय, कागल फाइव्ह स्टार काय, कुठल्याही कारखान्यात गेलं की मालक आधी मोबाईलवर डॅशबोर्ड दाखवतात. हिरवे गोल, लाल गोल, वर मोठ्या अक्षरात ओईई, म्हणजे मशीनचा खरा उपयोग किती टक्के झाला तो आकडा. दिसायला भारीच असतं. पण विचारलं की परवा ब्लो होलमुळे, म्हणजे वायूनं कास्टिंगच्या आत पडलेल्या भोकामुळे, जो माल रिजेक्ट झाला तो कुठल्या हीटचा, म्हणजे फर्नेसमधल्या धातूच्या कुठल्या बॅचचा, की डॅशबोर्ड राहतो बाजूला, सुपरवायझरला हाक जाते आणि तो काखेत वही घेऊन येतो.

आमच्याकडच्या फौंड्रीत फर्नेसचं पॅनेल एका कंपनीचं, सँड प्लांटचा पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर) दुसऱ्याचा, मोल्डिंग लाइन तिसऱ्याची आणि मशीन शॉप वेगळ्याच शेडमध्ये, नाहीतर जॉबवर्कला बाहेर. प्रत्येक कंट्रोलर आपापलं काम चोख करतोय, शेजारी काय चाललंय याचा त्याला पत्ता नसतो. या सगळ्यांना एका जाळ्यात आणायचं हे माझं काम, आणि लोकांना वाटतं त्यात अवघड म्हणजे वायरिंग.

वायरिंगचा ताप आहेच म्हणा. आरएस-485, म्हणजे कंट्रोलर जोडायची डेटाची लाइन, कागदावर 1200 मीटर जाते, पण तीच केबल फर्नेसच्या पॉवर केबलच्या ट्रेमधनं नेली की फर्नेस फुल पॉवरला गेल्यावर कम्युनिकेशन झोपलंच. ट्रे वेगळा करा, दोन्ही टोकांना 120 ओहमचा रेझिस्टर लावा, संपला विषय.

खरी गंमत त्याच्यापुढं. मॉडबस हा मशीनचे आकडे द्यायघ्यायचा प्रोटोकॉल 1979 सालचा, अजून निम्मा कारखाना त्याच्यावरच चालतो. त्याचं एक रजिस्टर, म्हणजे आकडा ठेवायचा कप्पा, 16 बिटांचं, म्हणजे दशांशातलं तापमान बसवायला दोन रजिस्टर लागतात, आणि त्यातलं आधी कुठलं हे प्रत्येक कंपनी आपल्या मनानं ठरवते. क्रम उलटा लागला तर 1420 डिग्रीच्या धातूचं तापमान स्क्रीनवर -0.00 येतं! हे निदान लगेच दिसतं तरी. रजिस्टरचा पत्ता एका आकड्यानं चुकला, म्हणजे मॅन्युअलमध्ये 40001 लिहिलंय आणि आत मोजणी शून्यापासून आहे, तर शेजारच्या रजिस्टरचा आकडा येतो, तो कधीकधी अगदी खरा वाटतो आणि महिनोन् महिने कुणाला शंका येत नाही. म्हणून मी प्रत्येक टॅग, म्हणजे स्क्रीनवर येणारा प्रत्येक आकडा, मशीनसमोर उभा राहून पॅनेलवरच्या आकड्याशी ताडून बघतो. कंटाळवाणं काम आहे, पण त्याला पर्याय नाही.

मग वेळ. मॉडबसमध्ये आकड्याबरोबर वेळ येतच नाही, गेटवेनं, म्हणजे मशीनचे आकडे वाचून पुढं पाठवणाऱ्या डब्यानं, वाचला ती वेळ. ओपीसी यूए या दुसऱ्या प्रोटोकॉलमध्ये येते, पण यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, आणि ती आपल्या वेळेत बदलून घेतली नाही की साडेपाच तासांचा फरक पडून सकाळच्या शिफ्टचं प्रॉडक्शन रात्रपाळीच्या नावावर. त्यामुळं प्लांटमध्येच एक एनटीपी सर्व्हर ठेवायचा आणि ज्यांना जमतंय त्या सगळ्यांनी घड्याळ त्याच्याशी लावायचं.

एवढं करूनही ब्लो होलचा प्रश्न सुटत नाही. कास्टिंग ओतलं जातं आज, मग शेकआउट (साचा फोडणं), फेटलिंग (जादा धातू काढणं), शॉट ब्लास्टिंग (छर्रे मारून सफाई), आणि आतलं भोक दिसतं ते काही दिवसांनी सीएनसीवर टूलनं वरचा थर काढल्यावर. त्या पीसचा साचा केला तेव्हा सँडमध्ये मॉइश्चर किती होतं हे पाहिजे असेल तर दोन्ही टोकांना बांधणारा धागा एकच, हीट नंबर. तो कुठल्याच सेन्सरला माहीत नसतो. तो खडूनं लिहिलेला असतो, नाहीतर वहीत. मोठमोठी सॉफ्टवेअर घेऊन बसलेली माणसं इथंच अडकतात. पोअरिंगला टचस्क्रीन लावायचा प्लॅन बऱ्याच ठिकाणी असतो, पण ग्लोव्हज घातलेला माणूस लॅडल, म्हणजे धातू ओतायचं भांडं, सोडून स्क्रीनवर आकडे टाइप करत बसणाराय का? तिथं एक मोठं पुश बटन द्यायचं, दाबलं की नवीन हीट सुरू, नंबर आपोआप पुढं. आणि कास्टिंगवर कोड उठून आलेला पाहिजे, शॉट ब्लास्टिंगमध्ये खडू टिकत नाही.

आयईसी 61499 या कंट्रोल प्रोग्रॅमच्या स्टँडर्डवाल्यांचं म्हणणं असं की लॉजिकच फंक्शन ब्लॉकमध्ये लिहा आणि हवं त्या कंट्रोलरवर वाटून टाका. कल्पना मला आवडते, नवीन लाइनला करूनही बघावं, पण चालू पीएलसीचा प्रोग्रॅम उघडायला आपल्याकडं कोण परवानगी देतंय! तेव्हा जुन्याला हात न लावता बाजूला गेटवे आणि पुढं डेटा पाठवायला एमक्यूटीटी हा हलका प्रोटोकॉल, हेच बरं पडतं. अँडी स्टॅनफोर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी 1999 मध्ये तेलाच्या पाइपलाइनसाठी, सॅटेलाइटच्या महागड्या लिंकवर चालेल असं ते बनवलं, त्यामुळं आपल्या एमआयडीसीतलं इंटरनेट त्याला लई अवघड नाही. नेट गेलं तर डेटा गेटवेमध्ये साठवायचा आणि आल्यावर सोडायचा, ही सोय मात्र गेटवे घेतानाच बघायची.

एका बाबतीत मी हट्टी आहे. डेटा वर जाईल, पण फर्नेस चालू-बंद करायची कमांड क्लाउडवरनं खाली येणार नाही, ते काम शेजारच्या पीएलसीचंच. मॉडबस टीसीपीला, म्हणजे नेटवर्कवरच्या मॉडबसला, पासवर्डच नसतो, आणि तरी लोक मोबाईलवर दिसावं म्हणून राउटरवर त्याचा 502 पोर्ट सरळ बाहेर उघडून ठेवतात, मग काय बोलायचं.

नवीन मशीन घेताय तर रजिस्टर लिस्ट, पीएलसी प्रोग्रॅमचा बॅकअप आणि ओपीसी यूएचं लायसन्स पीओमध्येच, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरमध्येच, लिहून घ्या. नंतर मागितलं की तिन्हींची वेगवेगळी कोटेशनं येतात.