बेकर बॉय: योल्ङू भाषेतला रॅप

शब्द कळत नसतानाही एखादे गाणे पुन्हा पुन्हा ऐकावेसे वाटते, याचा अनुभव मला ऑस्ट्रेलियातील योल्ङू या आदिवासी समाजातल्या बेकर बॉय या रॅपरच्या गाण्यांनी दिला. डॅन्झल बेकर हे त्याचे खरे नाव. १९९६ साली डार्विनमध्ये जन्मलेला हा मुलगा उत्तर ऑस्ट्रेलियातील आर्नहेम लँड या प्रदेशातल्या मिलिंगिम्बी आणि मॅनिंग्रिडा या वस्त्यांमध्ये वाढला. त्याचे वडील आणि काका 'बेकर बॉइज' नावाने हिपहॉप नृत्य करत, आणि त्यांच्याच नावावरून त्याने आपले नाव घेतले. तो स्वतःही आधी नर्तकच होता. ब्रिस्बेनमध्ये नृत्याचे शिक्षण घेऊन त्याने 'जुकी माला' या नृत्यसमूहासोबत काम केले. रॅप त्यानंतर आला.

२०१७ साली त्याची पहिली गाणी आली. त्यांतले यिरमल या गायकासोबतचे 'मार्युना', म्हणजे लाज न बाळगता नाचणे, हे ट्रिपल जे या रेडिओ केंद्राच्या श्रोत्यांनी निवडलेल्या त्या वर्षीच्या शंभर गाण्यांत १७व्या स्थानी पोहोचले. या गाण्यांत योल्ङू माथा, म्हणजे योल्ङूंची भाषा, आणि इंग्रजी शेजारी शेजारी येतात, आणि माझ्या मते त्याचे वेगळेपण इथेच आहे. मातृभाषेचे चार शब्द शोभेसाठी पेरून तो थांबत नाही. ठेका त्या भाषेच्या उच्चारांवरच उभा राहतो. योल्ङू भाषांमध्ये 'स', 'श', 'फ' हे ध्वनी नाहीत, पण आपल्या 'ण' आणि 'ळ' यांच्यासारखे मूर्धन्य ध्वनी आहेत. आपण मुळाक्षरांत पाठ करतो पण शब्दाच्या आरंभी कधीच वापरत नाही, तो 'ङ' तिथे शब्दारंभी सर्रास येतो. 'मी' या अर्थाचा शब्दच 'ङ'ने सुरू होतो. हे समजल्यापासून त्याच्या इंग्रजी ओळीवरून योल्ङू ओळीवर जाताना बदलणारा आघात मी अधिक लक्षपूर्वक ऐकू लागलो. त्या ओळींखाली घुमणारी यिडाकी, म्हणजे वाळवीने आतून पोखरलेल्या निलगिरीच्या खोडाचे वाद्य, तो स्वतः वाजवतो.

२०१९ मध्ये त्याला 'यंग ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर' हा सन्मान मिळाला. पहिला अल्बम मात्र २०२१ च्या ऑक्टोबरात आला, आणि पहिल्या गाण्यांनंतरची मधली चार वर्षे त्याने एकेक गाणे प्रसिद्ध करण्यात व मंचावर घालवली, हे मला फार योग्य वाटते. पुढच्या वर्षी त्या अल्बमने ऑस्ट्रेलियन संगीतक्षेत्रातील एरिया पुरस्कारांपैकी पाच मिळवले. वर्षातील सर्वोत्तम अल्बमचा मानही त्यात होता.

त्या अल्बमचे नाव 'गेला'. मराठी वाचकाला ते क्रियापद वाटेल, पण ते डॅन्झलचे नातेव्यवस्थेतले नाव आहे. योल्ङू समाजात प्रत्येकाला असे एक नाव मिळते. ते आईच्या अशाच नावावरून ठरते आणि कोणाशी आपले कोणते नाते आहे, हे त्यावरून कळते. मंचावरचे नाव त्याने वडिलांकडून घेतले होते; पहिल्या अल्बमला दिलेले नाव आईकडून आलेले आहे.