उपज आणि चौमुखी गाणे

वडोदऱ्यात गाणे शिकताना उस्ताद फैयाज खाँ यांच्या गायकीचा विचार टाळता येत नाही. १९५० साली याच शहरात निवर्तलेल्या या दरबारी गवयाने नोमतोमची आलापी ('नोम', 'तोम' अशा अक्षरांवर केलेला तालाविना रागविस्तार), धमार (ध्रुपदाच्या अंगाचा गानप्रकार), ख्याल आणि ठुमरी-दादरा या सर्व अंगांवर सारखीच हुकमत मिळवली होती; अशा सर्वांगी गाण्यालाच चौमुखी म्हणतात.

अनेक प्रकार गायल्याने गाणे पातळ होते, हे मत मला मुळीच पटत नाही. धमाराच्या १४ मात्रांत बोलबाट, म्हणजे गीताच्या शब्दांची लयीत वाटणी, करताना शब्द कुठे तोडायचा, कुठे दुगुनीत (दुप्पट लयीत) घ्यायचा आणि तिहाई (तीनदा म्हटलेला तुकडा) कुठून उचलली म्हणजे नेमकी समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येईल, हे गाता गाताच ठरवावे लागते; हीच उपज. ती सवय पुढे ख्यालाच्या बोलतानांत (शब्द घेऊन गायलेल्या तानांत) आपसूक उतरते. ठुमरीत मात्र लय थोडी बाजूला राहते आणि एकाच ओळीतून आर्जव, रुसवा, विरह असे निरनिराळे भाव काढावे लागतात. सध्या रियाजात मी हेच दुसरे अंग घोटते आहे.