तुम्ही विचारलंत म्हणून : पेपरात टीका, थिएटरात टाळ्या, मग खरं कोण?

लंडनमध्ये राहायला आल्यापासून मी नेमाने बॅले पाहते, हे माहीत असल्यामुळे पुण्या-मुंबईहून येणारे आप्त आणि इथली मराठी मित्रमंडळी मला एक प्रश्न हमखास विचारतात. सकाळच्या वर्तमानपत्रात एखाद्या बॅलेला पाचांपैकी दोनच तारे मिळालेले असतात, मांडणी विस्कळीत आहे आणि नेपथ्य डोळ्यांना खुपते असे समीक्षकाने स्पष्ट लिहिलेले असते, आणि त्याच संध्याकाळी कॉव्हेंट गार्डनच्या रॉयल ऑपेरा हाऊसमध्ये तिकीट काढून आलेले दोन हजारांवर प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत असतात. मग यांतले खरे कोण? समीक्षकाला लोकांच्या आनंदाचे वावडे आहे, की लोकांना काही कळतच नाही?

माझे मत असे आहे की बहुतेक वेळा दोघेही खरे बोलत असतात, कारण दोघांनी एकाच रंगमंचावर दोन वेगळ्या गोष्टी पाहिलेल्या असतात. प्रेक्षक त्या संध्याकाळचे नृत्य पाहतो. समीक्षक त्या नृत्याखालची निर्मिती पाहतो, म्हणजे कथेची जुळणी, नृत्यरचना, वेशभूषा, संगीतात केलेली काटछाट. अभिजात बॅलेत या दोन गोष्टी सहज वेगळ्या काढता येतात, कारण निर्मिती एकच राहते आणि तिच्यात नाचणारी माणसे प्रयोगागणिक बदलतात. रॉयल बॅलेने अँथनी डॉवेल यांची 'स्वान लेक' १९८७ पासून २०१५ पर्यंत चालवली. तिच्यातल्या हंसिणींना योलांडा सोनाबेंड यांनी नेहमीच्या आखूड, ताठ झालरींऐवजी पोटरीपर्यंत लोंबणारे मऊ झगे दिले होते, आणि त्यांमुळे पायांच्या रेषा झाकल्या जातात ही तक्रार त्या निर्मितीची पाठ कधी सोडू शकली नाही. तक्रार रास्त होती. तरीही त्याच झग्यांमध्ये ओडेटची, म्हणजे हंसिणींच्या राणीची, भूमिका नाचलेल्या कित्येक जणी अशा होत्या की चौथ्या अंकाच्या शेवटी लोकांना डोळे पुसावे लागत. पुढे २०१८ मध्ये लिअम स्कार्लेट यांची नवी निर्मिती आली, तेव्हा हंसिणींचा आखूड झालरींचा पोशाख परत आला. प्रेक्षकांच्या टाळ्या त्याच रात्री आपले काम करून मोकळ्या होतात. समीक्षकाचा आक्षेप पुढच्या निर्मितीपर्यंत वाट पाहू शकतो.

याला इतिहासाचा भक्कम आधार आहे. 'स्वान लेक'चा पहिला प्रयोग मॉस्कोच्या बोल्शॉय थिएटरात ४ मार्च १८७७ रोजी झाला आणि तो सपशेल पडला, असे सर्रास सांगितले जाते. वर्तमानपत्रांतले अभिप्राय वाईट होते हे खरे आहे. चायकोव्स्कींचे संगीत बॅलेसाठी फार गुंतागुंतीचे आणि गोंगाटाचे आहे, असे अनेकांना वाटले, आणि युलिउस रायझिंगर यांची नृत्यरचना तर जवळजवळ कोणालाच आवडली नाही. पण त्यानंतरही तो बॅले काही वर्षे, म्हणजे १८८३ पर्यंत, बोल्शॉयच्या प्रयोगांमध्ये टिकून राहिला, हे सांगायचे राहून जाते. लोक येत नसते, तर थिएटरने तो इतके दिवस ठेवला नसता. हर्मन लारोश या संगीत-समीक्षकाने मात्र तेव्हाच संगीताची वाखाणणी आणि नृत्यांची निंदा अशी नेमकी विभागणी केली होती, आणि काळाने त्याच्याच बाजूने निकाल दिला. रायझिंगर यांची रचना आज कोणी नाचत नाही. मारिउस पेतिपा आणि लेव इव्हानोव्ह यांनी २७ जानेवारी १८९५ रोजी सेंट पीटर्सबर्गच्या मारिइन्स्की थिएटरात नव्याने उभे केलेले रूप मात्र आज जगभरच्या बहुतेक निर्मितींचा पाया आहे. चायकोव्स्की १८९३ मध्येच वारले, त्यांना ते पाहायला मिळाले नाही. याची हळहळ मला प्रत्येक वेळी दुसऱ्या अंकाचे संगीत सुरू झाले की वाटते.

'नटक्रॅकर'चे उदाहरण याहून बोलके आहे, म्हणून त्यावर जरा थांबते. १८ डिसेंबर १८९२ रोजी मारिइन्स्कीत तो पहिल्यांदा झाला, तोही चायकोव्स्कींच्याच 'इओलांता' या ऑपेराला जोडून, एकाच रात्री. समीक्षकांनी त्यातले दोष एकामागून एक नोंदवले. पहिला अंक मुलांनीच भरलेला आहे. उंदीर आणि शिपाई यांच्या लढाईत कोण कुठे धावते आहे ते कळत नाही. पहिल्या आणि दुसऱ्या अंकाचा एकमेकांशी धड संबंध नाही. आणि जिला पाहायला लोक येतात ती प्रमुख नर्तकी, अंतोनिएत्ता देल एरा, शुगर प्लम फेअरीच्या, म्हणजे मिठाईच्या राज्यातल्या परीराणीच्या, भूमिकेत खऱ्या अर्थाने नाचायला उभी राहते ती अगदी शेवटी, तोवर मध्यरात्र व्हायला आलेली असते. आज डिसेंबर महिन्यात ज्या बॅलेच्या तिकिटांसाठी घरातली लहानथोर मंडळी महिनोन्महिने आधी धडपडतात, त्याच्याबद्दलचे हे मत वाचून लोक हसतात आणि 'पाहा, समीक्षक कसे तोंडघशी पडले' असे म्हणतात.

मला तसे मुळीच वाटत नाही. त्या समीक्षकांचा जवळजवळ प्रत्येक आक्षेप बरोबर होता, आणि याचा पुरावा असा की पुढची शंभर वर्षे नृत्यरचनाकार त्याच आक्षेपांना उत्तरे शोधत राहिले. वसीली वैनोनेन यांनी १९३४ मध्ये लेनिनग्राडला मुख्य नृत्ये, नाताळच्या रात्री जिच्याबाबत हे सारे घडते त्या कथानायिका मुलीच्याच भूमिकेकडे दिली, म्हणजे प्रमुख नर्तकी कथेच्या केंद्रस्थानी आली. जॉर्ज बालांशीन यांनी १९५४ मध्ये न्यू यॉर्क सिटी बॅलेसाठी रचना करताना पहिल्या अंकात मुले तशीच ठेवली, पण शुगर प्लम फेअरीचे एकल नृत्य दुसऱ्या अंकाच्या शेवटावरून उचलून आरंभी आणले, म्हणजे लोकांना तिची वाट पाहत बसावे लागू नये. पीटर राइट यांनी १९८४ मध्ये रॉयल बॅलेसाठी क्लारा ही, म्हणजे त्याच मुलीची, भूमिका मोठ्या नर्तकीकडे दिली आणि पुढच्या सुधारित आवृत्तीत तिला मिठाईच्या राज्यातल्या पाहुण्यांबरोबर नाचायलाही लावले, त्यामुळे दोन्ही अंक एकाच मुलीच्या अनुभवाने बांधले गेले. १८९२ च्या त्या समीक्षकांचे मत आनंदात मीठ कालवणारे म्हणून बाजूला सारले असते, तर आज आपल्याला आवडणारा 'नटक्रॅकर' कदाचित घडलाच नसता.

प्रेक्षकांचा निवाडाही अंतिम नसतो. रशियन बॅले-मंडळी चालवणाऱ्या दियागिलेव्ह यांनी १९२१ मध्ये लंडनच्या अल्हाम्ब्रा थिएटरात 'स्लीपिंग ब्यूटी' अपार थाटात उभा केला. शंभराहून अधिक प्रयोग होऊनही खर्च भरून निघाला नाही, आणि नेपथ्य व पोशाख थिएटरच्या मालकाने देण्यापोटी अडकवून ठेवले. युद्धानंतर २० फेब्रुवारी १९४६ रोजी रॉयल ऑपेरा हाऊस पुन्हा उघडले ते याच बॅलेने, मार्गो फाँटेन यांना ऑरोराच्या भूमिकेत घेऊन, आणि त्याच शहराने तो इतका आपलासा केला की रॉयल बॅलेची ओळखच त्याच्याशी जोडली गेली.

आता टाळ्यांकडे वळते, कारण प्रश्नाचा अर्धा भाग त्यांच्याविषयी आहे. 'स्वान लेक'च्या तिसऱ्या अंकात ओडील ही फसवी राजकन्या एकाच जागी बत्तीस गिरक्या घेते, त्यांना फ्वेते म्हणतात. १८९५ च्या प्रयोगात त्या प्येरिना लेन्यानी यांनी घेतल्या आणि तेव्हापासून त्या भूमिकेला चिकटल्या. प्रत्येक गिरकीत उभ्या पायाची टाच क्षणभर जमिनीला टेकते, गुडघा वाकतो, दुसरा पाय हवेला फटकारून आत येतो आणि ती पुन्हा बोटांच्या टोकावर चढते. हे बत्तीस वेळा करायचे आणि जागा सोडायची नाही. लंडनमध्ये साधारण अर्ध्यावर टाळ्या सुरू होतात आणि शेवटच्या गिरक्यांना वाद्यवृंद नीट ऐकूही येत नाही. नाटक ऐन रंगात असताना सर्कस सुरू होते, ही समीक्षकांची जुनीच तक्रार आहे. बालगंधर्वांच्या पदांना 'वन्स मोअर' देऊन प्रसंग थोपवून धरणाऱ्या मराठी प्रेक्षकांबद्दलही त्या काळचे जाणकार हेच म्हणत असत, आणि त्या काळच्या पीटर्सबर्गचे प्रेक्षकही आवडलेले नृत्य पुन्हा करायला लावत, त्यामुळे आपल्याला ही खोड समजायला जड जाऊ नये.

एका प्रयोगाला मी वरच्या गॅलरीत बसले होते. वरून पाहताना नर्तकी जागा सोडते आहे की नाही हे खालच्या महागड्या खुर्च्यांपेक्षा जास्त स्वच्छ दिसते. त्या रात्रीची ओडील तरुण होती. पहिल्या दहा-बारा गिरक्या खिळ्यावर फिरल्यासारख्या झाल्या, मग प्रत्येक गिरकीला ती बोटभर पुढे सरकू लागली, आणि रंगमंचाची कड जवळ येते आहे हे तिला कळल्याबरोबर तिने फ्वेते सोडून रंगमंचाभोवती वेगवान गिरक्यांचे वर्तुळ घेतले आणि अचूक शेवटच्या ठोक्यावर येऊन थांबली. टाळ्या वाढल्या. दुसऱ्या दिवशी छापून आलेल्या परीक्षणात तिने फ्वेते अर्ध्यावर सोडल्याचे एका वाक्यात नोंदवलेले होते. माझ्यासोबत आलेल्या आतेबहिणीला ते वाचून राग आला. मला आला नाही, कारण वाक्य खरे होते. पण टाळ्याही खऱ्या होत्या. तिने संकटात घेतलेला निर्णय आणि त्यातला संयम त्यांनी ओळखला होता. माया प्लिसेत्स्काया यांच्यासारखी थोर नर्तकीसुद्धा या ठिकाणी फ्वेतेऐवजी असेच वर्तुळ घेत असे, आणि त्यामुळे तिची ओडील कोणाला उणी वाटली नाही. मिस्टी कोपलँड यांना मार्च २०१८ मध्ये सिंगापूरला फ्वेते पुऱ्या करता आल्या नाहीत, तेव्हा त्याची चित्रफीत पसरवून त्यांना हिणवले गेले. त्यांनी ती टीका स्वतःच सर्वांपुढे ठेवली आणि आपली मर्यादा मान्य करून उत्तर दिले. बत्तीस हा आकडा मोजणारा प्रेक्षक आणि तोच आकडा मोजणारा समीक्षक हे दोघे मला सारखेच अपुरे वाटतात, कारण ओडीलने त्या क्षणी राजपुत्राला भुलवले की नाही, हे दोघांच्याही नजरेतून निसटते.

समीक्षकांची बाजू मी इतकी घेते, म्हणून जिथे मी त्यांच्या बाजूने उभी राहू शकत नाही ती जागाही सांगितली पाहिजे. १८९२ च्या त्या पहिल्या 'नटक्रॅकर'मध्ये देल एरा यांना पडद्यापुढे पाच वेळा यावे लागले असे सांगतात. आणि एका समीक्षकाने मात्र त्यांच्या लठ्ठपणावर बोट ठेवले. ११८ वर्षांनी, २०१० च्या अखेरीस, त्याच भूमिकेतल्या जेनिफर रिंगर यांच्याविषयी 'न्यू यॉर्क टाइम्स'चे मुख्य नृत्यसमीक्षक अलस्टर मकॉली यांनी लिहिले की त्यांनी एखादी शुगर प्लम (साखरेची गोळी) जास्तच खाल्लेली दिसते. रिंगर यांनी खाण्याच्या विकाराशी झगडून पुनरागमन केले होते आणि त्याविषयी त्या उघड बोललेल्या होत्या. वाचक खवळले. शरीर हेच माझ्या कलेचे साधन असल्याने त्यावर टीका होणार हे मला मान्य आहे, पण मी लठ्ठ नाही, असे रिंगर शांतपणे दूरचित्रवाणीवर म्हणाल्या. मकॉली यांनी आणखी एक लेख लिहून आपली बाजू मांडली आणि दिसण्यावर टीका नको असेल तर बॅले हे क्षेत्र निवडू नये, अशा अर्थाचे विधान केले. माझ्या मते ते चुकले. नर्तकीचा हात खांद्यातून उशिरा उठला, उडी जड उतरली, मान संगीताच्या मागे राहिली, हे शरीराविषयीच आहे आणि ते लिहिणे समीक्षकाचे कर्तव्य आहे. शुगर प्लम जास्त खाल्ल्याचे ते वाक्य मात्र तिने काय नाचले याविषयी वाचकाला काहीच सांगत नाही. वाचकांचा संताप रास्त होता, आणि थिएटरात तिच्यासाठी वाजलेल्या टाळ्याही.

आणखी एक व्यवहारातली गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. समीक्षक बहुतेक वेळा पहिल्या रात्री येतात आणि पहिल्या संचाविषयी लिहितात. एकाच निर्मितीत त्या हंगामात प्रमुख भूमिकांचे अनेक संच नाचतात, आणि शनिवारी दुपारच्या प्रयोगात पहिल्यांदाच ओडेट नाचणाऱ्या मुलीविषयी क्वचितच काही छापून येते. तिच्यासाठी त्या दुपारच्या टाळ्या हाच लेखी अभिप्राय असतो, आणि म्हणून त्या टाळ्या विचारपूर्वक वाजवाव्यात असे मला मनापासून वाटते. अलीकडे लोक जवळजवळ प्रत्येक प्रयोगाला उभे राहतात, त्यामुळे खरोखर असामान्य नाचलेल्या रात्रीसाठी प्रेक्षकांकडे वेगळे काही देण्यासारखे उरत नाही, याचे मला वाईट वाटते.

तेव्हा पुढच्या वेळी इथे बॅले पाहायला येणार असाल, तर परीक्षण आधी न वाचता प्रयोगानंतर वाचा. त्यात नृत्यरचनेविषयी, कथेच्या जुळणीविषयी, संगीताच्या काटछाटीविषयी जे लिहिले असेल ते नीट वाचा आणि तुम्ही पाहिलेल्याशी ताडून पाहा. कोणाच्या कमरेच्या मापाविषयी लिहिले असेल तर ते सोडून द्या. तिकीट काढताना त्या दिवशी कोण नाचणार आहे ते नक्की बघा, आणि जमल्यास एकाच निर्मितीचे दोन प्रयोग दोन वेगळ्या संचांत पाहा.