घासभर भाकरी आणि तीन मापं सपीठ

यहुदी पाहुणचाराचे धडे मूळपुरुष अब्राहामपासून सुरू होतात. बायबलमधल्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या 18व्या अध्यायात तो तीन वाटसरूंना काय म्हणतो? थोडं पाणी, घासभर भाकरी. आणि आत जाऊन पत्नी साराला सांगतो, तीन सेआ (धान्याचं जुनं हिब्रू माप) सपीठ मळ. कमीत कमी हिशेबानेही हे माप वीस लिटरांच्या वर जातं! शिवाय कोवळं वासरू, दही, दूध.

तालमूद हा यहुदी धर्मशास्त्राचा ग्रंथ (बावा मेत्सिया हा भाग, 87अ) यातून नियम काढतो: सज्जन बोलतो थोडं, करतो जास्त. उलट उदाहरण एफ्रोन या जमीनमालकाचं. साराच्या दफनासाठी ‘जमीन फुकट घ्या’ असं अब्राहामला म्हणाला आणि चांदीचे 400 शेकेल (तेव्हाचं वजन) मोजून घेतले. पैसे मोजल्याच्या वचनात (23:16) त्याचं नाव दोनदा येतं, आणि दुसऱ्या वेळी त्यातलं ‘वाव’ हे हिब्रू अक्षर गळलंय. राशी हा मध्ययुगीन यहुदी भाष्यकार म्हणतो, बोलला फार, केलं काहीच नाही, म्हणून. मला हा टोमणा फार आवडतो.

आचरणात गडबड बहुधा आमंत्रणातच होते. पदार्थांची यादी आधीच सांगितली की पाहुणा संकोचतो, एखादा राहिला की यजमान खोटा पडतो. चहाला बोलवा, जेवू घाला.

निरोपाकडे मात्र दुर्लक्ष होतं. अब्राहाम पाहुण्यांसोबत चालत गेला (18:16). म्हणून दारातून हात हलवणं पुरत नाही. किमान चार हात, म्हणजे साधारण दोन मीटर, उंबऱ्याबाहेर सोबत जायचं.